झाकणावरची रंजनाबाई

रंजनाबाई पाण्यावर करणी करते, असं सुरतेजवळच्या डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत वर्षभर बोललं जात होतं. बोलणाऱ्या काही ऐऱ्यागैऱ्या नव्हत्या. दोघी तर गळ्यातल्या पोतीवर हात ठेवून सांगायच्या. दुपारी गडी मिलमध्ये आणि बायका कामात गुंतल्या की म्हणे रंजनाबाई कुणाच्याही मोरीत शिरते, भरलेली बादली ओतून देते, ती फरशीवर पालथी मारते आणि ओठांत काहीतरी पुटपुटत निघून जाते. भरल्या घरात पालथं भांडं म्हणजे काय, ते खानदेशातल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. मग कुणाचं मिलमधलं लूमखातं बंद पडलं, कुणाच्या सुनेला दिवस राहीनात, कुणाचा फ्रीज ऐन मे महिन्यात बसला, सगळ्याचा उगम त्या पालथ्या बादलीत सापडायचा.

यातलं खरं एवढंच की बादली ती खरोखर ओतायची, आणि पालथीही घालायची. पण ज्या घरात रांगतं नाहीतर नुकतं चालायला लागलेलं पोर असेल, त्याच घरात. बाकीच्यांच्या बादल्यांकडे ती ढुंकूनही बघत नसे. आणि पुटपुटायची तो मंत्र नव्हता, शिव्या होत्या. त्या घरवालीच्या माहेरापासून निघायच्या, सासरला वळसा घालून मोरीपाशी यायच्या आणि ठरलेल्या वाक्यावर संपायच्या: "पोराचं नाक बुडालं की झालं. त्याले काय तापी लागत नाही."

रंजनाबाई पन्नाशी ओलांडलेली, पारोळ्याकडची. उंचीने बेताची, आवाजाने गल्लीभर. गळ्यात मंगळसूत्र आणि मंगळसूत्राच्या शेजारी नाडीला बांधलेली छोटी कात्री. सकाळी टेम्पो साड्यांचं पोटलं टाकून जातो. साडीच्या उलट्या अंगाला लोंबणारे धागे कापायचे, घडी घालायची, संध्याकाळी टेम्पो परत घेऊन जातो. गल्लीतल्या निम्म्या बायका हेच करतात, पण रंजनाबाईची कात्री आणि जीभ सारख्याच वेगाने चालतात, आणि दोन्हीत कधी काय कापलं जाईल याचा नेम नसतो. नवरा योगराज सचिन भागातल्या, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये. माणूस देवासारखा, म्हणजे काही बोलत नाही. एकुलती मुलगी नंदुरबारला दिलेली.

आता कुणाला वाटेल, बाईला पोरांची फार माया. तसंही काही नव्हतं. तिने कुणाचं पोर कडेवर घेतलंय, असं कुणी पाहिलं नाही. पोर दिसायच्या आधी तिला त्याच्या जवळचं पाणी दिसायचं, एवढंच.

हे असं दिसायला लागलं ते हर्षदाचा ओम गेल्यापासून.

गल्लीतली घरं एकाला एक चिकटलेली, उंबऱ्यापुढे हातरुमालाएवढं अंगण, आणि अंगणाच्या पोटात पाण्याची टाकी. टाकीचं तोंड चौकोनी, साफ करणारा माणूस उतरेल एवढं. त्यावर पत्र्याचं झाकण. सकाळी पाणी आलं की झाकण बाजूला सारून किती भरलं ते वाकून बघायचं, मोटर लावायची, पाइप सोडायचा. ती वेळ अशी की सगळी गल्ली एकदम उघडी पडते. डबे भरायचे असतात, दूध उतू जात असतं, आणि झाकण भिंतीला टेकून उभं असतं.

हर्षदाचंही दूधच उतू गेलं. गॅस बंद करून बाहेर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच लागला. बाहेर आली तर अंगणात ओमचा एक बूट होता. ओम ओरडला नाही, पाणी उडालं नाही, काही नाही. टीव्हीतला बुडणारा माणूस हात वर करून हाका मारतो. दीड वर्षाचं पोर गुपचूप जातं, शेजारच्या खोलीत जावं तसं.

बाहेर काढल्यावर गल्लीने जे जमतं ते सगळं केलं. आपल्याकडे नदीकाठच्या गावांत करतात तेच. शोभाबाईने मडकं आणून पालथं ठेवलं, पोराला त्यावर पोटावर घालून पुढेमागे लोळवलं. मग पाय धरून गरगर फिरवलं. पाय धरणाऱ्यांत रंजनाबाई होती. पोटातून पाणी आलं तसं सगळ्यांच्या जिवात जीव आला. निघालं, निघालं, असं म्हणत रिक्षात घातलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर होता, मिसरूड फुटलेलं पोरगंच. त्याने सगळं पाहिलं आणि विचारलं, "श्वास कुणी दिला याला?"

रंजनाबाई म्हणाली, "पोटातलं सगळं पानी काढलं, साहेब."

"पोटातलं पाणी कुणी काढायला सांगितलं? त्याला हवा पाहिजे होती."

रडारड झाली, हर्षदाला उचलून बाहेर नेलं, सगळ्या तिच्यामागे गेल्या. रंजनाबाई तिथेच उभी राहिली. म्हणाली, "कशी द्यायची हवा, ते दाखव."

डॉक्टरने रिकाम्या खाटेवरची उशी घेऊन दाखवलं. मान जरा मागे, हनुवटी वर. आपल्या तोंडात लहान पोराचं तोंड आणि नाक दोन्ही. गालात मावेल तेवढीच फुंकर, छाती वर येईल इतकी. आधी पाच फुंकरी, मग छातीच्या मधोमध तळहाताने भराभर दाबायचं, मधेमधे परत फुंकर, आणि दुसऱ्या कुणीतरी लगेच एकशे आठला फोन लावायचा.

"परत दाखव."

"मावशी, मागे पेशंट थांबलेत."

"ते जिते शेत. दाखव." शेत म्हणजे आमच्याकडे आहेत.

त्याने परत दाखवलं. बाहेर येऊन ती रिक्षात बसली ती घरापर्यंत गाल फुगवून फुंकरी मोजत राहिली.

पुढचं काम शोभाबाईने हातात घेतलं. शोभाबाई रंजनाबाईची शेजारीण, दोघींच्या अंगणांमध्ये फक्त कमरेएवढा कठडा. जगातल्या प्रत्येक दुखण्यामागे कुठला देव आहे, हे शोभाबाईला पाठ. तिने गावाकडून भगत आणवला. भगताने टाकीभोवती राख फिरवली, डोळे मिटले आणि निदान सांगितलं. पाण्यात सात आसरा राहतात, सात बहिणी. नदीत, विहिरीत त्या मोकळ्या असायच्या. तुम्ही सुरतेत येऊन त्यांना जमिनीखाली पत्र्यात कोंडलं. त्यांनी रागावून पोर ओढलं. उपाय काय, तर झाकण घट्ट लावायचं नाही, चार बोटं फट ठेवायची, श्वासाला. आणि अमावस्येला झाकण पूर्ण काढून टाकीच्या तोंडाशी त्यांची ओटी भरायची. हिरव्या बांगड्या, दहीभात, खण, आणि लाकडाचा इवलासा पाळणा, म्हणजे त्यांना दुसऱ्याच्या पोराची हाव सुटणार नाही.

ज्या टाक्या पोरांपासून बंद ठेवायच्या, त्या गल्लीने उघड्या ठेवायला घेतल्या. वर पोरांना आवडतील अशा वस्तू तोंडाशी मांडल्या. रंजनाबाई म्हणाली, "उंदराच्या पिंजऱ्यात भजं लावतात, तसं शे हे." तेव्हापासून शोभाबाईने तिला देवाधर्माचं सांगणं सोडलं.

मग रंजनाबाईची शाळा सुरू झाली. दुपारी ती ओट्यावर साड्या घेऊन बसायची, समोर परातीत पाणी, आणि गल्लीतली सगळी लेंढारं गोळा. ती ओरडायची, "पानी दखं?" म्हणजे पाणी दिसलं का. की पोरांनी आहेत तिथे धपकन बूड टेकायचं आणि ओरडायचं, "बठी जा." जे पोर पाण्यापासून हातभर लांब बसलं ते पाण्यात पडत नाही, एवढाच तिचा शोध. पोरांना खेळ इतका आवडला की बाजारात, लग्नाच्या मांडवात, रस्त्यावरच्या डबक्यापाशी, जिथे पाणी दिसेल तिथे पोरं बूड टेकायला लागली. शेजारची गुजराती पोरंही बसायला लागली. "मासी, आज नवी चड्डी पहेरावी हती," आजच घातलेली चड्डी भिजली म्हणून त्यांच्या आया भांडायला यायच्या. रंजनाबाई म्हणायची, "चड्डी वाळते."

मोठ्या पोरांना वेगळा धडा. कुणी पाण्यात पडलं तर मागे उडी मारायची नाही. ओरडायचं, आणि साडी, काठी, रिकामा तेलाचा डबा, हाताला लागेल ते फेकायचं. नाहीतर एकाच्या जागी दोन.

आयांना मात्र ती खेळ शिकवत नसे. त्यांना एकच सांगायची. "पोराले शिकवलं म्हणून निवांत झोपू नका. पोर विसरतं. झाकण विसरत नाही."

साडीच्या चिंध्या भरून तिने एक बाहुलाही शिवला होता, फुंकर मारायला आणि छाती दाबायला. बायकांनी त्याचं नाव ठेवलं शेठ, कारण त्याची छाती दाबायला सगळ्या मोठ्या हौसेने पुढे यायच्या. हसता हसता पदर तोंडात जायचे. फुंकर मारायची म्हटलं की मात्र लाजायच्या. फक्त उज्ज्वला लाजली नाही. उज्ज्वला म्हणजे शोभाबाईची सून. तिची ध्रुवी तेव्हा भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. सासू देवळात गेली की उज्ज्वला कठड्यावरून यायची, शेठची मान मागे करायची, फुंकायची, दाबायची. "जोरात," रंजनाबाई म्हणायची, "तो काय पगार वाढवणार शे?"

हे सगळं चाललं असतं. पण एका दुपारी हर्षदा आली. स्वतःचं पोटलं घेऊन ओट्यावर बसली, दोघी धागे कापत राहिल्या. मग हर्षदा म्हणाली, "मामी, तुम्ही शोभाबाईंशी भांडू नका."

"का?"

"सगळे म्हणतात, आसरांनी नेलं. नेलं तर नेलं. देवाचं होतं, देवाने नेलं." तिची कात्री थांबली. "तुमचं खरं धरलं, तर झाकण मी उघडं टाकलं होतं."

रंजनाबाईच्या तोंडून शिवी निघाली नाही. तिची कात्री धाग्याच्या पुढे गेली आणि साडीला भोक पडलं. भोकाकडे बघत ती म्हणाली, "तू गॅस बंद कराले गेली होती. एवढंच."

"तेच तर," हर्षदा म्हणाली.

त्या दिवसापासून रंजनाबाईने ओमचं नाव घेणं बंद केलं. कुणी विचारलं, एवढा कसला ध्यास, तर ती विषय बदलायची. तिच्या सगळ्या बोलण्याला जो एक पुरावा होता तो तिने गिळला, आणि उरलं काय, तर दुसऱ्याच्या मोरीत शिरून बादल्या पालथ्या घालणारी एक तोंडाळ बाई. करणीची आवई उठली ती तेव्हा. बाई का करते हे कळेना, म्हणून बायकांनी आपलं आपण ठरवून टाकलं.

बादल्यांचं एक वेळ चाललं. खरी धास्ती शोभाबाईच्या टाकीची होती. ध्रुवीने भिंत सोडली आणि चालायला लागली. शोभाबाईने नातीच्या पायात घुंगरांचे पैंजण घातले. पोर दिवसभर अंगणात छुमछुम करायचं आणि टाकीच्या फटीतून आत चकाकणारं पाणी बघायचं. चार बोटांच्या फटीतून पोर जात नाही हे खरं, पण सकाळी पाणी आलं की फट चार बोटांची राहत नाही.

मग एका सकाळी शोभाबाई बाहेर येऊन बघते, तर रंजनाबाईने झाकण ओढून टाकीवर घातलेलं आणि ती स्वतः त्यावर बसून धागे कापत होती.

"तुले बसायले तुझं अंगण नाही का?" शोभाबाईने विचारलं.

"तुझं झाकण थंडगार शे. गुडघ्यांना बरं वाटतं."

"पानी बघायचं शे माले."

"बघ. मी उठते, तू बघ, मी बसते."

असं रोज सकाळी व्हायला लागलं. मोटर सुरू होईपासून बंद होईपर्यंत रंजनाबाई शोभाबाईच्या टाकीवर. ध्रुवी तिच्या भोवती फिरायची, कापलेले धागे मुठीत गोळा करायची आणि तिच्याच डोक्यावर टाकायची. रंजनाबाई तिला एकदाही कडेवर घेत नसे. "सर तिकडे," म्हणायची, आणि एका हाताने तिचा फ्रॉक धरून ठेवायची.

उज्ज्वला आतून बघायची, हसायची. गल्ली बाहेरून बघायची आणि म्हणायची, ही आसरांच्या डोक्यावर बसते. एवढ्यात शोभाबाईच्या मुलाचं, विकासचं, लूमखातं बंद पडलं. खातं मंदीने बंद पडलं, सगळ्यांचंच पडत होतं, पण मंदीला शिव्या देता येत नाहीत आणि रंजनाबाईला देता येतात. एका संध्याकाळी विकास कठड्यापाशी आला. पोरगा मर्यादेचा. खाली मान घालून म्हणाला, "मामी, उद्यापासून नका येऊ आमच्या अंगणात. आईच्या जिवाला लागतं."

"आणि पोरीच्या जिवाला?"

"आई बघते तिला."

रंजनाबाई काही बोलणार, तेवढ्यात मागून योगराजचा आवाज आला. "जाऊ नको." महिन्यातून एकदा बोलणारा माणूस, आणि बोलला तर हे. ती गेली नाही. आपल्याच ओट्यावर कठड्याला पाठ लावून बसायला लागली. डोळे साडीवर, कान पलीकडे. छुमछुम दारात, छुमछुम नळापाशी, छुमछुम टाकीपाशी. टाकीपाशी आली की ती नुसता आवाज टाकायची, "उज्ज्वला." उज्ज्वला धावत यायची, आणि तिच्यामागून शोभाबाईचं बोलणं यायचं.

अमावस्या आली. नोकरी गेलेली, म्हणून ओटी मोठी. शोभाबाईकडे सकाळपासून तेलाचा वास. टाकीवरचं झाकण पूर्ण काढून भिंतीला लावलेलं, टाकीच्या चारी कडांना हळदीकुंकू, हिरव्या बांगड्यांची रांग, मधे पाळणा, आणि दिवा. पाणी नुकतंच येऊन गेलेलं, टाकी काठोकाठ. पोरीकडे बघायला उज्ज्वलाला बसवलं होतं.

आतून सासूने हाक मारली, "नारळ बाहेर ने गं." उज्ज्वला आत गेली.

छुमछुम अंगणाच्या कोपऱ्यातून निघाली. रंजनाबाईच्या हातात साडी होती. छुमछुम टाकीपाशी आली. ती हाक मारायला वळली, तोवर आवाज थांबला होता. काही पडल्याचं वाजलं नाही. नुसतं वाजायचं थांबलं.

पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्यांनी गेलेली बाई कठड्यावरून पलीकडे कशी पडली, हे तिला आजही सांगता येत नाही. दिवा लवंडला, पाळणा कुठल्या कुठे गेला. टाकीच्या कडेला पोटावर आडवी होऊन तिने खांद्यापर्यंत हात घातला. टाकी भरलेली होती म्हणून फ्रॉक हाताला लागला. अर्धी असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

उज्ज्वला नारळ घेऊन दारात आली. फरशीवर ध्रुवी होती, ओठ निळे, एक मूठ घट्ट मिटलेली.

"फुंक," रंजनाबाई म्हणाली.

उज्ज्वला जागची हलेना.

"शेठ शे तो. फुंक."

उज्ज्वलाच्या हातातून नारळ पडला आणि ती गुडघ्यांवर बसली. आणि आतून शोभाबाई आली, दोन्ही हातांत मडकं. मागे चारपाच बायका. पाय धरा, लोळवा, असा एकच गलका. रंजनाबाई उठून मधे उभी राहिली. गळ्यातली कात्री तिने हातात घेतली होती.

"मडकं खाली ठेव," ती म्हणाली. "जी पुढे येईल तिच्या झिंज्या मुळापासून कापीन. देवीची आन."

बायका थबकल्या. कठड्यापलीकडे योगराज होता, रात्रपाळी करून आलेला, बनियनवर, कानाला फोन. तो एकशे आठवाल्याला गल्लीचा पत्ता देत होता, वळण, देऊळ, पाण्याची टाकी, सगळं स्पष्ट आणि सावकाश, जणू आयुष्यभर वाचवलेले शब्द आज खर्चायचे होते.

पहिली फुंकर बाजूने निघून गेली. "नाक पण तोंडात घे," रंजनाबाई पाठमोरीच म्हणाली. दुसरी लागली. शेठची छाती कधी वर आली नव्हती. ध्रुवीची आली. पाच झाल्या, मग उज्ज्वला तळहाताने दाबायला लागली, तोंडाने मोजत, नाकातून पाणी गळत, स्वतःच्या. परत फुंकर. परत दाब. शोभाबाई मडकं पोटाशी धरून उभी. मग पोरीने एकदा उचकी दिल्यासारखं केलं, घोटभर पाणी टाकलं, खोकली आणि रडली. उज्ज्वलाने तिला कुशीवर केलं. रंजनाबाईने वळून पाहिलं नाही, आधी मडकं काढून घेतलं.

गाडी आली, दवाखान्यात नेलं, थोडे दिवस ठेवून घेतलं. पोर धडधाकट घरी आली. पैंजण वाजायला लागले.

आता कुणी म्हणेल, गल्लीला अक्कल आली असेल.

ध्रुवीची ती मिटलेली मूठ गाडीत उघडली होती. आत हिरवी बांगडी होती. पोर बांगडी उचलायला वाकली आणि तोल जाऊन पडली, हे आंधळ्यालाही दिसावं. पण शोभाबाईला दिसलं ते वेगळं. आसरांनी पोर नेली होती, ओटी पाहून त्यांचं मन द्रवलं, आणि हातात चुडा भरून त्यांनी ती परत पाठवली. अमावस्येला ओटी भरली नसती तर गेली असती, ओमसारखी. ज्या बांगडीने पोर पाण्यात ओढली ती देव्हाऱ्यात जाऊन बसली. शेजारच्या गल्ल्यांतून बायका दर्शनाला यायला लागल्या. ज्यांच्या टाक्यांना झाकणं होती त्याही ती काढून आपल्या कडेला बांगड्या मांडायला लागल्या. शोभाबाईने तर झाकण कायमचं काढलं आणि भंगारवाल्याला देऊन टाकलं.

रंजनाबाईने एकदाच विचारलं. उज्ज्वला कपडे वाळत घालत होती, सासू बाजूला तांदूळ निवडत होती, दर्शनाला आलेल्या दोघी बसल्या होत्या. रंजनाबाई कठड्याशी येऊन म्हणाली, "सांग गं उज्ज्वला यांना, पोरीला कुणी आणलं परत."

उज्ज्वलाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडात अजून त्या पाण्याची चव असेल. मग तिने पाहिलं टाकीकडे, आणि दाराकडे, जिथून ती नारळ आणायला आत गेली होती.

"आसरांनी," ती म्हणाली, आणि ओल्या टॉवेलाआड झाली.

ते तोंड रंजनाबाईने आधी पाहिलं होतं, हर्षदाचं. म्हणून ती वाद न घालता ओट्यावर परत आली. शेठ कोपऱ्यात पडला होता. त्याच्या पोटातल्या चिंध्या उंदरांनी बाहेर काढल्या होत्या, शिवायला कुणी आलं नाही.

करणीची बोलवा मात्र थांबली. थांबली म्हणजे उलटी झाली. कात्री घेऊन उभी होती तेव्हा रंजनाबाईच्या अंगात आलं होतं, असं आता बायका सांगतात, त्याच दोघी, पोतीवर हात ठेवून. कालची चेटकीण आज देवीचं झाड, म्हणजे देवी अंगात येणारी बाई, झाली. बादली पालथी घातली तर आता कुणी भांडत नाही, हळदीकुंकू वाहतात, आणि ती गेली की परत भरून ठेवतात.

परवा शोभाबाई आली, नवी साडी, हातात कुंकवाचा करंडा, मागे हर्षदा आणि आणखी दोघीतिघी. जुनं सगळं पोटात घालून आली होती, ते मान्य केलं पाहिजे. म्हणाली, "झालं गेलं सोड. येत्या अमावस्येला सात सवाष्णी जेवू घालायच्या शेत, सात आसरांच्या नावाने. सहा मिळाल्या. सातवी तू. तुझ्यावर त्यांची कृपा शे, पोरीले त्यांनी तुझ्याच हातून दिलं. नाही म्हणू नको."

पलीकडे उघड्या टाकीभोवती ध्रुवी फिरत होती, छुमछुम, मुठीत धाग्यांचा गुंता. उज्ज्वला दारात उभी होती, सासूच्या पाठीकडे बघत. रंजनाबाईने साडीवरून मान वर केली नाही. एक धागा कापला, दुसरा कापला. कुंकवाचं बोट कपाळापाशी आलं तसं तिने ते मनगटाने बाजूला सारलं आणि म्हणाली:

"सात जणी शेत ना त्या? आणि वारही सातच. मग सांग त्यांना, एकेका वारी एकीने येऊन टाकीवर बसायचं. झाकण तू विकलं, आणि माले धागे कापायचे शेत."